ॲसिडच्या बाटलीपासून कल्हईपर्यंत : घरातली घातक रसायने कमी करण्याच्या प्रकल्प नोंदी

जागा: पुणे–नगर रस्त्यालगतची सोसायटी. पाणी बोअरचे आणि टँकरचे, म्हणजे जड. काम दिवाळीपर्यंत चालेल.

१ जून २०२५ : यादी आणि क्रम

प्रत्येक घरात बघायच्या जागा ठरल्या: संडास-मोरी, ओट्याखालचा कप्पा, कपड्यांचे कपाट, देव्हारा, आरशापुढचा खण, माळा. यादीला पाच रकाने: वस्तू, कुठे ठेवलेली, क्रियाशील घटक आणि त्याचे टक्के, वापर किती, हाताळते कोण. शेवटचा रकाना सहसा कुणी ठेवत नाही. घरची माणसे ॲसिडला आठवड्यातून एकदा हात लावतात. घरकामाच्या मावशी तेच ॲसिड रोज घरोघरी, दार लावलेल्या संडासात, हातमोज्यांशिवाय वापरतात.

क्रम असा: बंद खोलीच्या हवेत मिसळते ते आधी. मग पोराच्या तोंडात जाऊ शकेल ते. त्यानंतर अंगावर तासन्‌तास राहणारे, म्हणजे क्रीम, काजळ, टिकलीचा गोंद. अंगावरून धुऊन जाणारे साबण-शाम्पू शेवटी. बाजाराचा जोर नेमका उलटा आहे. सल्फेट नसलेल्या शाम्पूला जादा पैसे मोजायचे आणि बाळाच्या दुपट्यांत डांबर गोळ्या टाकायच्या, असला हिशेब घरोघरी दिसतो.

‘हर्बल’ आणि ‘केमिकल-फ्री’ यांना यादीत रकाना नाही. शिसे नैसर्गिकच असते, पाराही.

डास-झुरळांच्या औषधावर तिरका चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा चौकोन आणि कीटकनाशक नोंदणी क्रमांक नसेल तर ती वस्तू पहिल्याच दिवशी बाजूला काढायची.

८ जून : ॲसिड आणि ब्लीच

संडास साफ करायच्या बाटलीबंद द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण १० टक्के असते. सुटे ‘बाथरूम ॲसिड’ त्याच्या दुप्पट-तिप्पट जहाल निघते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी थंड पेयाच्या बाटलीत भरलेले ॲसिड अजून घराघरात आहे. ही बाटलीच आधी जायला हवी. तहानलेले पोर लेबल वाचत बसत नाही.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेला काच-क्लीनर पडला की क्लोरामाइन. संडासात हे मुद्दाम कुणी करत नाही: आधी ॲसिड ओतले, डाग गेला नाही, पाणी न टाकता वरून ब्लीच ओतले, एवढ्याने भागते. म्हणून जागा वेगळ्या केल्या. ॲसिड संडासाबाहेरच्या बंद कप्प्यात, ब्लीच धुण्याच्या सामानात. एका घरात एका वेळी दोन्ही नसले तर उत्तम.

वायू सुटलाच तर बादलीत काही ओतून ‘मारायला’ जायचे नाही. बाहेर पडायचे, दार-खिडकी उघडी ठेवायची. खोकला थांबला म्हणजे संपले असे नाही. फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात, त्यामुळे धाप किंवा छातीत जळजळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना. डोळ्यात उडाले तर १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली.

क्षारांच्या डागांसाठी ॲसिडऐवजी सायट्रिक ॲसिड, जे किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळते:

- नळ, शॉवर, काच: ५० ग्रॅम पावडर कोमट पाण्यात विरघळवून अर्धा लिटर करायचे. त्यात जुना कपडा भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवायचा. नुसते फवारले तर ओघळून जाते, काम होत नाही.
- संडासाच्या भांड्यातला पिवळा थर: आधी ब्रशने दाबून भांड्यातले पाणी जमेल तितके पुढे ढकलायचे, मग १०० ग्रॅम पावडर आणि एक मग गरम पाणी, रात्रभर. साचलेले पाणी तसेच ठेवले तर द्रावण इतके पातळ होते की सकाळी थर जागच्या जागी. जाड थराला दोन-तीन रात्री लागतात.

कडाप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, संगमरवर यांवर सायट्रिक ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काहीही नको. हे दगड चुनखडीचे. थेंब पडला की बारीक बुडबुडे येतात आणि पुसल्यावर पांढुरका, खरखरीत ठिपका राहतो. तो निघत नाही, पॉलिशच करावे लागते. तिथे साबणाचे पाणी पुरते. ग्रॅनाइटला हा त्रास नाही.

निर्जंतुकीकरण खरोखर हवे असेल तेव्हा, म्हणजे घरात जुलाब-उलट्या असताना, ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २० मिली एक लिटर गार पाण्यात, म्हणजे ०.१ टक्का. आधी साबणाने घाण काढायची, मग हे दहा मिनिटे ओले ठेवायचे. मळ असेल तर ब्लीच मळावरच खर्ची पडते. मिश्रण रोजचे रोज करायचे आणि गरम पाण्यात कधीच नाही. इतर दिवशी फरशीला साबण पुरतो.

२२ जून : बायो-एन्झाइम

घरी आंबवून करायचे सफाईचे पाणी: गूळ १, मोसंबी-लिंबाच्या साली ३, पाणी १०, नव्वद दिवस. हे माप सगळ्यांना पाठ आहे. यात काय तयार होते याबद्दल मात्र भाबडेपणा आहे. आधी थोडा अल्कोहोल, मग मुख्यतः ॲसिटिक ॲसिड. पीएच पट्टीवर ३ ते ४. म्हणजे हे सालींचा वास असलेले पातळ व्हिनेगर. क्षारांच्या हलक्या थराला आणि सिंकच्या चिकट कडेला चांगले. जंतुनाशक म्हणून नाही. आम्ल असल्यामुळे ब्लीचबरोबर नाही आणि शहाबादीवरही नाही.

काचेच्या बाटलीत लावू नये. पहिले काही आठवडे भरपूर कार्बन डायऑक्साइड सुटतो, बाटली फुटते. प्लॅस्टिकची बरणी पाऊण भरायची, रोज झाकण सैल करायचे. वर पांढरा थर आला तर चालतो. काळी-हिरवी बुरशी आली तर ओतून द्यायचे.

याच ओघात: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस बघण्यात अर्थ नाही. दोघे एकमेकांना मारतात, उरते ते किंचित खारट पाणी. सोडा घासायला वापरा, व्हिनेगर क्षारांना.

६ जुलै : डांबर गोळ्या

पावसाळा लागला की कपाटात, मोरीच्या जाळीवर, वॉश-बेसिनमध्ये त्याच पांढऱ्या गोळ्या. दुकानदार सगळ्यांना डांबर गोळीच म्हणतो, पण आत नॅप्थलीन किंवा पॅराडायक्लोरोबेंझिन असते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दोन्हींना ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे. नॅप्थलीनचा तातडीचा धोका वेगळा: जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला या गोळ्यांत ठेवलेली दुपटी-झबली घातली, तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते. बाकीच्या घरांत ती आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा बाळाच्या कपड्यांत गोळी नाही, कुणाच्याच घरी.

गोळी कोणती हे ओळखायची चाचणी स्वयंपाकघरातल्या सामानात होते. १०० मिली कोमट पाण्यात ४० ग्रॅम मीठ घालून ढवळायचे. तळाशी थोडे मीठ न विरघळता राहिले पाहिजे. तेच पाणी पुरते खारट झाल्याची खूण. गार झाल्यावर वरचे निवळ पाणी एका ग्लासात घ्यायचे, दुसऱ्या ग्लासात साधे पाणी.

साध्या पाण्यात तरंगली: कापूर.
साध्या पाण्यात बुडाली, खारटात तरंगली: नॅप्थलीन.
दोन्हींत बुडाली: पॅराडायक्लोरोबेंझिन.

दोन ठिकाणी फसगत होते. मीठ कमी पडले तर नॅप्थलीनही बुडते आणि निकाल उलटा लागतो. आणि गोळीला हवेचे बुडबुडे चिकटले तर बुडणारी गोळीही थोडा वेळ तरंगते. म्हणून चमच्याने खाली दाबून, फिरवून सोडायची. शंका राहिली तर गोळी घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत घालून बाटली ६० अंशांच्या पाण्यात ठेवावी. पॅराडायक्लोरोबेंझिन ५३ अंशांना वितळते, नॅप्थलीन ८० ला. झाकण आत उघडायचे नाही. हा ग्लास आणि चमचा परत स्वयंपाकात नाही.

ओळखून करायचे काय? दोन्ही काढायच्या. नाव कळण्याचा फायदा एवढाच की पुढच्या वेळी ‘आमच्यात नॅप्थलीन नाही’ एवढ्या आश्वासनावर कुणी दुसरे तेच उचलणार नाही.

वास धुतल्याने जात नाही. कपडे गच्चीत काही दिवस वाऱ्यावर टांगायचे, मग धुवायचे, मग परत टांगायचे. बंद खोलीत पंख्याखाली टांगले तर कपाटातले खोलीत आले, एवढेच.

गोळीऐवजी काय, हे किडीवर ठरते. सुती कांजी केलेल्या साडीला कसर लागते, म्हणजे चंदेरी किडा. तिला कांजी आणि दमटपणा दोन्ही लागतात. पैठणी, शाल, स्वेटर यांना पतंगाची अळी, जी घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी तुटून पडते. त्यामुळे:

कांजी काढूनच सुती साड्या ठेवायच्या. नेसलेली रेशमी साडी त्याच दिवशी सावलीत वाऱ्यावर, डाग काढून, मलमलीत गुंडाळून. घडी तीन महिन्यांनी मोडून दुसरीकडून घालायची. लोकरीचे कपडे प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून आठवडाभर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना. बाहेर काढल्यावर पिशवी गार असेपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आत पाणी सुटते. कपाटाच्या प्रत्येक खणात सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी नारिंगी घ्यावी, निळी नको. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असते. कडुनिंबाचा पाला आणि लवंग ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर पैठणी सोडू नये.

२७ जुलै : डास

कॉइल सगळ्यात आधी बंद. चीन आणि मलेशियातल्या कॉइलींवरच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. औषध कॉइलच्या एका टक्क्याहूनही कमी असते. बाकी भुसा, टरफल, डिंक, आणि धूर त्यांचाच. ‘डास पळवणारी अगरबत्ती’ हिच्याही पुढची. बऱ्याचशा पुड्यांवर नोंदणी क्रमांक नसतो, आत काय आहे ते कळायला मार्ग नाही.

द्रवाच्या मशीनमध्ये साधारण ०.८८ किंवा १.६ टक्के ट्रान्सफ्लुथ्रिन हे कीटकनाशक असते. धूर नाही हा मोठा फरक, पण आठ तास बंद खोलीत उशाशी लावायची ती वस्तू नव्हे. संध्याकाळी डास आत शिरण्याच्या वेळी लावायचे, झोपताना बंद करायचे, खिडकी बोटभर उघडी.

खरे काम जाळीचे. भोके दीड मिलिमीटरहून मोठी नकोत. जाळी असूनही डास येतात ते सरकत्या खिडकीच्या दोन पाळ्यांमधल्या फटीतून आणि बाथरूमच्या एक्झॉस्टमधून. फटीला ब्रशची पट्टी, एक्झॉस्टला मागून जाळी. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीच्या मशीनने त्याचे काही बिघडत नाही. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीतले टायर आठवड्यातून एकदा कोरडे आणि घासलेले हवेत. अंडी कडेला चिकटलेली असतात, पाणी ओतून भागत नाही.

झुरळांचा खडू बंद, कारण तो पाटीच्या खडूसारखाच दिसतो. त्याऐवजी बिजागरीजवळ आणि सिंकखाली इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्क्यांच्या जेलचे तुरडाळीएवढे ठिपके. त्यावर फवारा मारला तर झुरळ जेल खात नाही, आणि हे दोन्ही एकदम करणारे पुष्कळ.

३१ ऑगस्ट : उदबत्ती, धूप, कापूर

गणपतीत प्रश्न श्रद्धेचा नाही, मिनिटांचा आहे. आरतीपुरती एक काडी आणि उघडी खिडकी. दिवसभर जळत्या काड्यांचा पुडका नको. दम्याचे माणूस असेल तर समई आणि फुले.

कापूर पोराच्या हाती लागता कामा नये. एक ग्रॅमच्या आसपास पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊन जिवावर बेतू शकते. सर्दीत बाळाच्या गळ्यात बांधायची ओवा-कापराची पुरचुंडी नुसत्या ओव्याचीही नको. बाळ ती चोखते. विषबाधेच्या शंकेसाठी दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, प्रत्येक मजल्यावर लावला आहे.

१४ सप्टेंबर : आरशापुढचा खण

गोरे करणारी क्रीम. पारा मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरोखर उजळतो आणि वस्तू खपते. पारा त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत पोचतो. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मधल्या मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराच्या २२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. १५ जणांत एक ठरावीक प्रथिन, नेल-१, सापडले आणि त्यांतल्या १३ जणांनी अशी क्रीम वापरली होती. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतरांत नकळत आलेला पारा १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक) वर चालत नाही.

बाजूला काढायच्या खुणा: परवाना किंवा आयात नोंदणी क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, पार्लरमधून बिनलेबलच्या डबीत दिलेली, घटकांत कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड, ‘चांदी-सोन्याला लावू नका’ अशी सूचना, उजेडात ठेवल्यावर राखाडी पडणारी. यांपैकी एकही नसली तरी पारा नाही असे म्हणता येत नाही. ते प्रयोगशाळाच सांगेल. क्रीम सोडल्यावर उशीचे अभ्रे आणि टॉवेलही बदलायचे. घरातल्या न लावणाऱ्यांपर्यंत पारा त्यांतून जातो. पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीची तपासणी, आणि डॉक्टरांना डबी दाखवायची.

कुंकू. हळदीला चुना किंवा सोहागा लावून केलेले कुंकू आणि रंग घातलेली पूड यांतला फरक बघता येतो. पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू, त्यावर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याचे चार थेंब. हळदीचे असेल तर लाल रंग कडेपासून उतरत पिवळा होतो. रंगाचे असेल तर लालच राहते. पिवळे झाले म्हणजे शिसे नाही असा अर्थ मात्र काढू नये. खड्याच्या हळदीऐवजी सुटी हळदपूड वापरलेली असेल तर लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या रंगाची, शंका राहतेच. शेंदूर, म्हणजे मूळचा शिशाचा लाल ऑक्साइड, भांगात नको आणि मूर्तीला लावल्यावर हात धुवायचे. सुरम्याचा खडा बहुधा गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड. बाळाच्या डोळ्यात काहीच नको. तीट लावायची तर तळपायाला.

टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे कपाळावर पांढरा डाग पडतो. खाज सुटली की त्याच दिवशी टिकली बंद. डाग पडल्यावर कंपनी बदलून उपयोग नाही.

काळी मेंदी: मेंदी काळा रंग देत नाही, तो पीपीडी हे केसांच्या डायमधले रसायन देते. कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबायचे. पूर्वी चालली म्हणून आज चालेल असे नाही. ॲलर्जी वापरातूनच तयार होते.

५ ऑक्टोबर : दिवाळीचे रंगकाम

घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचे तैलरंग, विशेषतः ग्रिल आणि दारांवरचे पिवळे, हिरवे, लाल, शिशाचे आहेत असेच धरायचे. रंगाऱ्याला स्पष्ट सांगायचे: कोरडा पॉलिश पेपर नाही, ब्लो-लॅम्प नाही. पाणी फवारून वॉटर पेपरने घासायचे, खाली जाड प्लॅस्टिक, दार बंद, पोरे आणि गरोदर बाई दुसरीकडे. झाडू मारायचा नाही. दोन बादल्या, एक साबणाच्या पाण्याची आणि एक खळबळायची, आणि ओले फडके. रंगाऱ्याला मास्क सोसायटीने द्यायचा. धूळ सगळ्यात जास्त त्याच्याच नाकात जाते. रंग घट्ट असेल, पोपडे नसतील, तर खरवडूच नये, वरून नवा हात द्यावा.

१२ ऑक्टोबर : ओटा आणि कल्हई

नॉनस्टिक तव्याचा थर २६० अंशांच्या वर बिघडू लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथे पोचतो, म्हणून भाकरी-फुलक्याला लोखंडी किंवा बिडाचा. घावन-डोशाला मध्यम आचेवर नॉनस्टिक चालतो. घरात पोपट असेल तर नॉनस्टिक मुळीच नको. त्या धुराने पक्षी मरतात. मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिकचा डबा नाही: ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा अर्थ डबा वितळत नाही, एवढाच. तळण निथळायला वर्तमानपत्र नाही. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्नासाठी ते निषिद्ध आहे.

पितळी पातेल्यांचे कौतुक परत आले आहे, म्हणून कल्हईवर जास्त वेळ. आमटी, ताक, चिंच यांना उघडे पितळ चालत नाही, कल्हई हवी, आणि ती शुद्ध कथलाची. कथील महाग, शिसे स्वस्त आणि लवकर वितळणारे; भेसळ तिथेच होते. कल्हईवाल्याकडची कांडी कानाजवळ धरून हळू वाकवायची. शुद्ध कथील वाकताना बारीक करकरते, एकच कांडी सारखी वाकवली तर आवाज मंदावतो. शिसे मुकाट वाकते. पण थोडीशी भेसळ या आवाजाने पकडता येत नाही. चार-पाच घरांनी मिळून शुद्धतेचे प्रमाणपत्र असलेले कथील आणून द्यावे, हा खात्रीचा रस्ता.

कल्हई उघड्यावरच. नवसागर टाकल्यावर उठणारा पांढरा धूर डोळ्या-घशाला झोंबतो. बघायला जमलेली पोरे वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी करायची. झालेल्या भांड्यात पहिल्यांदा पाणी उकळून टाकून द्यायचे. घासायला राख किंवा तारेची घासणी नको. आतून पिवळे दिसू लागले की आंबट बंद, पुन्हा कल्हई होईपर्यंत.

२६ ऑक्टोबर : काढलेल्याची विल्हेवाट

घनकचरा नियमांप्रमाणे घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा. सोसायटीत झाकणाचा पत्र्याचा पिंप, वर छप्पर, कुलूप. क्रीमच्या डब्या दुहेरी पिशवीत. डांबर गोळ्या बंद बरणीत. रंगाचे पोपडे त्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. कीटकनाशक मोरीत ओतायचे नाही. सुटे ॲसिड आहे त्याच बाटलीत, उभे, वेगळ्या प्लॅस्टिक टबात. ब्लीचच्या बाटल्या पिंपाच्या शेजारीही नाहीत, जिन्याच्या दुसऱ्या बाजूला. पिंपाची किल्ली वॉचमनकडे, आणि काय टाकले याची वही पिंपाला बांधलेली.